पेट्यांच्या टोप्या

४ फेब्रुवारी

वन्सं,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते विसरून नाही. हे पत्र समेटाचं नाही, कामाचं आहे. लेकीकडे कायमचं राहायला जाताना, टॅक्सीत एक पाय ठेवून तुम्ही मला जे ऐकवलंत, ते मला शब्दन् शब्द आठवतं. कोर्टात साहेब म्हणायचे, ‘हे वाक्य नोंदीतून वगळा,’ आणि मी लघुलिपीतल्या त्या ओळीवर काट मारायची. तुमच्या वाक्यावर मी तशीच काट मारली आहे. तेव्हा तो विषय नको.

काम असं, की आपला सकाळचा तास जाणार आहे.

हो, ‘पहिला चहा’च म्हणते आहे मी. धोबीखान्याशेजारच्या खोलीत, दमट टॉवेलांच्या वासात, तुम्ही आणि मी मिळून सुरू केलेला. आगीची सूचना द्यायला आपल्या या ज्येष्ठांच्या वसाहतीच्या व्यवस्थापनाने प्रत्येक खोलीत भिंतीवर आवाजाच्या ज्या पेट्या बसवल्या, त्यांतून सकाळी सात ते आठ गाणी पाठवायची, ही कल्पना तुमची. गाणी तुमच्या भावाने जन्मभर जमवलेल्या रेकॉर्डांतली. आणि आवाज माझा. तुम्ही यंत्र सांभाळायचं, मी बोलायचं. टेलिफोन एक्स्चेंजमधली बाई आणि कोर्टातली स्टेनो, दोघींना दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवायचीच सवय.

आता इथे नवे लोक आले आहेत. जुन्यांच्या खोल्या कशा रिकाम्या होतात ते तुम्हाला सांगायला नको. त्यांत हे येतात, साठी ओलांडल्या ओलांडल्या, रंगीत बूट घालून. आपण इथे विसावायला आलो, हे इथे तब्येत कमवायला आले आहेत. पाणीसुद्धा जागच्या जागी उड्या मारत पितात. यांच्या तरुणपणी गिटारला वीज लागली आणि संगीताला शॉक बसला, तो अजून उतरलेला नाही. यांचा म्होरक्या आहे एक निवृत्त दंतवैद्य. चौसष्ट वर्षांचा आहे आणि केस कानांवरून मानेपर्यंत वाढवलेत. त्याला सकाळचा तास हवा आहे. म्हणे, सकाळी ठेका हवा, पाय उचलले पाहिजेत.

समितीत चिटणीस मला म्हणाले, “बाई, काळ बदलतोय.”

मी म्हटलं, “बदलू द्या की. सात वाजायचे बंद झालेत का?”

“तुम्हाला दुपारी तीनचा तास देऊ.”

“तीनला सगळे झोपलेले असतात.”

यावर चिटणीस आपल्या पेनाचं टोपण शोधू लागले. ते त्यांच्या हातातच होतं.

महिनाअखेरच्या शनिवारी मतदान आहे. नियमाप्रमाणे संस्थापक सभासदाचं मत टपालाने चालतं, आणि संस्थापक म्हणजे तुम्ही. माझ्यासाठी देऊ नका. भावाच्या रेकॉर्डांसाठी द्या. लिफाफा परस्पर चिटणिसांच्या नावाने पाठवा.

यंत्राची काळजी नको. तुम्ही गेल्यापासून मीच चालवते आणि ते मुकाट चालतं. तुम्ही उगाच दर सहा महिन्यांनी सुई बदलत होतात. मी एकदाही बदललेली नाही. काही बिघडलेलं नाही.

तुमची वहिनी

१२ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. मी चार पानं लिहिली. तुम्ही दोन वाक्यं. ‘सुई लगेच बदला. माझा गुडघा बरा आहे.’

गुडघ्याचं ऐकून बरं वाटलं. सुईचं मी विचारलं नव्हतं. मी मत मागितलं होतं. घरात कुणाला फीट आली तर तुम्ही आधी विचाराल, गॅस बंद केलात का.

बुधवारी त्या दंतवैद्याला नमुन्यादाखल सकाळचा तास दिला. मी खोलीतच बसून राहिले, मुद्दाम. माझ्या अनुपस्थितीत कुणी माझं यंत्र हाताळायचं नाही. त्याने स्वतःचं वेगळंच काहीतरी आणलं होतं, काडेपेटीएवढं. ते जोडलं, आणि सुरू. वन्सं, मी तुम्हाला कसं सांगू? वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवतंय. सरकवून झालं की परत जागेवर आणतंय. तासभर.

मी विचारलं, “यात गाणं कधी सुरू होणार?”

“संपत आलं, मॅडम.”

“शब्द?”

“आहेत की! ही बाई गातेय ना.”

“कुठली बाई? मला नुसतं धुम्म धुम्म ऐकू येतंय.”

तेव्हा त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. खुर्चीत बसवलेल्या माणसाच्या तोंडात पाहतात तसं. “नुसतं तेवढंच?” म्हणाला.

“तेवढंच. आणि मला कमी ऐकू येतं असं वाटत असेल तर सांगते, कोर्टात साक्षीदार काय पुटपुटला यावर दोन वकील भांडायला लागले की साहेब माझ्याकडे बघायचे. या कोर्टाला दोनच कान आहेत आणि ते या बाईंचे आहेत, असं भर कोर्टात म्हणाले होते.”

“हो का,” म्हणाला, आणि उगाच कानांवरचे केस सारखे करत बसला. नटवा मेला.

खरा घाव पुढे आहे. आठ वाजता बाहेर आले, तर व्हरांड्यात आपले घड्याळजी! नव्वदीला टेकलेले, आपले पहिले श्रोते, होडीचं गाणं लागलं की डोळे पुसणारे. ते वॉकर धरून उभे होते आणि त्यांचा पाय, तो चपलेतला पाय, गाणं थांबलं तरी ठेका धरत होता. मला पाहून थांबला. घड्याळजी म्हणाले, “व्यायाम होतो हो.” फितुरीला काय बोलायचं?

आमच्या शाळेत एक सिस्टर होती, पियानो शिकवायची. आम्ही बाहेरची गाणी गुणगुणताना सापडलो की पियानोचं झाकण धाडकन बंद करायची आणि म्हणायची, आवड ही दातांसारखी असते, रोज घासली नाही तर किडते. इथे दातांचा डॉक्टरच किडवायला निघाला आहे.

पण मी हरणार नाही. शनिवारी होडीचं गाणं असलेली मोठी रेकॉर्ड लावणार आहे. ती एक बाजू वाजेपर्यंत व्हरांड्यातून एक चक्कर मारून येते आणि दारोदार मतं मागते. गाणं कानावर पडत असताना ‘नाही’ म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

वहिनी

१७ फेब्रुवारी

वन्सं,

कुणाला सांगायचं नाही. लेकीलाही नाही.

शनिवारी ठरल्याप्रमाणे रेकॉर्ड लावली, दार ओढून घेतलं आणि निघाले. आता विचार करते तर इतक्या वर्षांत सकाळी सात ते आठच्या मध्ये मी व्हरांड्यात कधी आलेच नव्हते. मी आत असते. गाणारा माणूस स्वतःचं गाणं बाहेर बसून ऐकू शकत नाही, तसं ते.

बाहेर शांतता होती. मला वाटलं, पेट्यांचं काहीतरी बिघडलं. पहिलंच दार माझ्या शेजारणीचं, ती निवृत्त शिवणवाली, जिच्या हातचे पडदे तुमच्या खोलीत होते. दार उघडंच होतं. भिंतीवरच्या पेटीवर टोपी होती. फुलाफुलांच्या कापडाची, चहाच्या किटलीवर घालतात तशी, पण बेतून शिवलेली. खाली इलॅस्टिक, आत जाड अस्तर. शेजारीण बिछाना आवरत होती. मला पाहून तिच्या हातातली उशी पडली.

“हे काय?” मी विचारलं.

“टोपी.”

“पेटीला टोपी?”

“धूळ बसते हो, ताई.”

“सात वाजता बसते आणि आठला उठते का?”

ती उशी उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मी पुढे गेले. पुढची खोली, निळी टोपी. त्याच्या पुढची, चौकड्यांची. एकीवर तर नाव काढलेलं. बंद दारं वाजवली नाहीत, गरज नव्हती. शेवटी घड्याळजींची खोली. त्यांच्या पेटीवर करडी टोपी होती आणि वरून मफलर गुंडाळलेला. म्हातारा झोपल्याचं सोंग घेऊन पडला होता. पापण्या थरथरत होत्या.

मी परत शेजारणीकडे आले. विचारलं, “कुणाकुणाला शिवून दिल्यात?”

“मागतील त्याला.”

“आणि कुणी मागितल्या?”

ती रडायलाच लागली. “ताई, पेटीचं बटण अगदी बंद होत नाही ना हो. आणि तुम्हाला सांगायचं कुणी? चिटणीस म्हणाले तुम्ही सांगा, मी म्हटलं तुम्ही सांगा. घड्याळजींना तर ते किर्र अगदीच सोसत नाही, त्यांच्या टोपीला दोन अस्तरं घातलीत.”

“किर्र? कसला किर्र?”

ती रडायची थांबली. डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाली, “चहा टाकू का, ताई?”

टोपी घालणं म्हणतात ते हेच असणार. मला मात्र फुलाफुलांची घातली, अस्तर लावून, प्रेमाने. एक शिवी कुणी दिली असती तर मी चार परत दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. या शिवणीला काय उत्तर देऊ? टाके इतके बारीक आहेत, वन्सं.

मी चहा घेतला. दुसरं काय करणार? कपात बघत होते. ती म्हणाली, “आठ वाजता आम्ही काढून ठेवतो हो. आणि तुमचं बोलणं असतं ना, गाण्यांच्या मधलं, तेव्हाही वर करतो. ते आवडतं सगळ्यांना.”

सुईचं तुम्ही लिहिलं होतं. दुपारी जाऊन तुमची डबी शोधली. सापडली. रिकामी आहे.

वहिनी

२३ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही उत्तर दिलेलं नाही. बरोबर आहे, मी प्रश्न विचारला नव्हता.

शनिवारनंतरही मी रोज सातला गेले. न जाते तर मला कळलंय हे सगळ्यांना कळलं असतं. पण रेकॉर्ड लावली नाही. तासभर बोलत बसले. हवा, कुणाची नातवंडं आली, कुणाचा चष्मा कुठे सापडला, कोर्टातले जुने किस्से. म्हणे वसाहत खूश होती.

रविवारी दुपारी, सगळे झोपले असताना, धोबीखान्याशेजारच्या आपल्या खोलीत गेले. पेट्यांकडे जाणारा खटका बंद केला आणि फक्त खोलीतल्या खोलीत होडीचं गाणं लावलं. म्हटलं, ते किर्र एकदा माझं मीच ऐकते. ऐकलं. काही किर्र नव्हतं. ती बाई नेहमीसारखी गात होती, वल्ह्याचा ठेका नेहमीसारखा होता. शेवटच्या अंतऱ्याआधी बासरी येते, तिथे तुमच्या भावाचं बोट वर जायचं ना? जेवत असले तरी घास हातात धरून बोट वर. ते गेल्यापासून तिथे माझं बोट जातं. तसंच गेलं.

दारात दंतवैद्य उभा होता. तोंड असं केलेलं, की कुणीतरी त्याच्याच दाढेवर सुई लावली आहे.

“मॅडम, ते बोट कशाला?”

“बासरी,” मी म्हटलं. “तुम्हाला नाही कळायचं.”

त्याने फिरत्या रेकॉर्डकडे पाहिलं. मग म्हणाला, “बासरी केव्हाच येऊन गेली, मॅडम. आता अंतरा चालू आहे.”

माझं बोट वरच होतं. ते खाली कसं घ्यायचं हेच मला समजेना.

त्याने पुढे येऊन रेकॉर्ड थांबवली. विचारलंसुद्धा नाही. खिशातून भिंग काढलं, सवय जात नाही म्हणे, आणि सुईचा दांडा उलटा करून खिडकीच्या उजेडात पाहिलं. “हं. हा दात किडलाय,” म्हणाला. “टोक तुटलंय. काढावा लागणार.” मग रेकॉर्ड तिरपी धरून मला दाखवली. ती काळी कुळकुळीत असायची, आठवते? आता खाचांमधून राखाडी झाली आहे. वर्षभर मी जिला जिला हात लावला तिच्यावर त्या तुटक्या टोकाने नांगर फिरवला आहे. ज्या आवडत्या, त्या सगळ्या. नावडत्या तेवढ्या वाचल्या.

मी खाली बसले. तो समोरच्या स्टुलावर बसला आणि त्याने कानांवरचे केस मागे केले. दोन्ही कानांत यंत्रं. इवलीशी, चण्याएवढी.

“ड्रिल,” म्हणाला. “जन्मभर कानाशी ते धरून काम केलं. आधी बारीक आवाज गेले. बायको म्हणायची, बागेत पक्षी किती झालेत यंदा. मी म्हणायचो, कुठले पक्षी? वाटायचं, तिलाच भास होतात. ती गेल्यावर यंत्रं घेतली.” मग जरा हसून म्हणाला, “नाजूक गाणी यंत्राशिवाय माझ्या वाटची नाहीत, मॅडम. ही ठेक्याची, यंत्रं काढून ठेवली तरी छातीला ऐकू येतात. म्हणून तर.”

“मग बुधवारीच सांगायचं होतं मला.”

“तुम्ही कोर्टाचे कान काढलेत. मी घाबरलो.”

वन्सं, आता ते वाक्य लिहिते, काट मारलेलं. साहेब सांगायचे, वगळलेलं वाक्यही स्टेनोच्या वहीत खालून दिसत राहतं. तुम्ही टॅक्सीत एक पाय ठेवून म्हणालात, “वहिनी, कान दाखवून घ्या. तुम्ही गाणी ऐकत नाही हल्ली, नुसती आठवता.” आणि मी म्हटलं, “तुम्ही तुमचा गुडघा सांभाळा.” आणि तुम्ही आत बसताच दार आपटलं. टॅक्सीचं, तुमच्या तोंडावर.

नवी गाणी वाईट आहेत असं माझं मत होतं. अजूनही आहे. पण जे मला आठवत नाही ते मला ऐकूच येत नव्हतं, हे मतात धरलं नव्हतं.

शनिवारी मतदान. तुमचं मत पाठवलं नसेल तर पाठवू नका.

वहिनी

१ मार्च

वन्सं,

पाठवलंच होतंत.

काल सभा झाली. जेवणघरातल्या खुर्च्या लावल्या होत्या. चिटणिसांनी घसा खाकरला आणि म्हणाले, सकाळचा तास बाईंकडेच राहावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत. सगळे हात वर. घड्याळजींचा आधी, दोन्ही. शेजारणीचा. नव्यांचे, रंगीत बुटांचे. आणि दंतवैद्याचाही, शेवटच्या रांगेतून. इतकं मेल्यासारखं मला कोर्टात फाशीची शिक्षा टाइप करतानाही झालं नव्हतं.

मग चिटणिसांनी तुमचा लिफाफा फोडून वाचला. ‘माझं मत वहिनींना. अट एकच, सुई बदलावी.’

कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं, मीच हसले असते. मी उठले. म्हटलं, “आपापल्या खोलीत जा. पेट्यांवरच्या टोप्या घेऊन या. मग हात वर करा.”

सगळे आपापल्या वर केलेल्या हातांकडे बघायला लागले. मग शेजारणीने पिशवीत हात घातला आणि एक टोपी काढून टेबलावर ठेवली. नवीन होती, पिवळी. “ही तुमच्या पेटीसाठी शिवली होती,” म्हणाली. “त्या बुधवारसाठी. डॉक्टरांच्या गाण्यांचा तुम्हाला त्रास होईल म्हणून.”

त्यावर मात्र हसले लोक. आधी घड्याळजी, मग सगळे. मीही. चिटणिसांनी टोपण हातात असूनही शोधलं नाही.

मी म्हटलं, सात ते आठ दंतवैद्याचा. मी ठराव मांडला, मीच नोंदवला, घ्या सही. तो उठून म्हणाला, “मला नको, मॅडमच्या दयेने नको.” मी म्हटलं, “दया माझ्या तोंडून ऐकायला तुमच्या यंत्राला फार ताकद लागेल. ठेका सातला बरा, पाय उचलतात. घड्याळजींना विचारा. गाण्यांच्या मध्ये मी बोलणार, कारण तुम्हाला ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे काही बोलता येत नाही. आणि आठचा तास माझा, पण मला कानांनी ऐकू येईल तेव्हापासून.”

सोमवारी तो मला कानाच्या डॉक्टरकडे नेणार आहे. स्वतः गाडी चालवत. मागच्या सीटवर बसेन म्हटलंय.

रेकॉर्डांबद्दल अजून तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. मी वाट बघते आहे. रागावा. ते तुमच्या भावाचं होतं सगळं. माझ्याजवळ ठेवायला दिलेलं होतं.

वहिनी

१७ मार्च

प्रिय वन्सं,

पार्सल मिळालं. शेजारणीने कात्रीने उघडलं.

सुयांची नवीन डबी वर होती, ती पाहून म्हटलं, झालं, हेच उत्तर. मग खाली हात गेला. वन्सं, होडीचं गाणं तुमच्याकडेही होतं हे मी साफ विसरले होते. तुमच्या लग्नात ह्यांनी दोन घेतल्या होत्या ना, एक बहिणीला, एक बायकोला, नणंद-भावजयींत भांडण नको म्हणून. एवढं सोडून बाकी सगळ्यावरून भांडलो आपण. तुमच्या घरी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र तरी होतं का कधी? कव्हर अजून करकरीत आहे. आतल्या कागदावर ह्यांचं अक्षर. ‘बोट वर करायला विसरू नकोस.’

तुम्ही चिठ्ठी टाकली नाहीत. बरं केलंत.

कानांची यंत्रं मिळाली आहेत मला. पहिला दिवस फार वाईट गेला. नळ, चमचे, वर्तमानपत्राचं पान, माझी स्वतःची चप्पल, सगळं अंगावर धावून आलं. माझा आवाज! वन्सं, मी इतकी कर्कश बोलते? आणि कुणी सांगितलं नाही मला. तुम्ही सोडून.

दंतवैद्याचं ते बुधवारचं गाणं पुन्हा ऐकलं. त्यात खरोखरच एक बाई होती. मागे काहीतरी किणकिणतही होतं. मी त्याला प्रामाणिकपणे सांगितलं, “गाणं आहे. चांगलं नाही, पण आहे.” तो इतका खूश झाला, की मला पुढचं बोलता आलं नाही. घड्याळजींनी मात्र स्पष्ट केलंय की सातला पाय आणि आठला डोळे, त्यांना दोन्ही हवं, आता उरलेल्या दिवसांत निवड कुणी करायची.

आणि आज सकाळी नवीन सुई लावली. त्यानेच लावली, भिंगातून बघून, माझ्या हातून नको म्हणाला. पेट्यांचा खटका बंद होता. तुमची रेकॉर्ड ठेवली. मी डोळे मिटून बसले. पहिला अंतरा, वल्हं, दुसरा. मी वाट बघत होते, माझ्या सवयीच्या जागेची. ती जागा यायच्या कितीतरी आधी, बाईने श्वास घेतला, तो श्वाससुद्धा ऐकू आला, आणि त्या श्वासाच्या पोटातून बासरी निघाली. इतकी बारीक. केसाएवढी. एवढ्याशा गोष्टीसाठी तो माणूस जन्मभर घास हातात धरून थांबायचा.

बोट उचलायचं राहूनच गेलं. दंतवैद्याने उचललं, माझ्यासाठी.

येत्या रविवारी आठ वाजता ती रेकॉर्ड पेट्यांवर जाणार आहे. शेजारणीने टोप्या गोळा केल्या आहेत, त्यांच्या उशा करणार म्हणते. रविवारी आठला तुमच्या लेकीला फोन तुमच्याजवळ ठेवायला सांगा. वाजला की उचला, पण बोलू नका. मीही बोलणार नाही, माझा आवाज कसा आहे ते मला आता माहीत आहे. मी रिसीव्हर पेटीपाशी धरून उभी राहीन. जन्मभर तुम्ही लोकांना लाइन जोडून दिलीत, एक मला जोडू द्या.

बाईने श्वास घेतला की तयार राहा. माझ्या आधी तुमचं बोट वर गेलं तर मला इथून दिसणार नाही. तरी करा.

तुमची,
वहिनी